पीककर्जाचे पुनर्गठन: पाच वर्षे म्हणजे नेमकी किती?

सोसायटीचे गटसचिव सांगतात, "पाच वर्षांचे हप्ते पाडून दिलेत." घरी येऊन कागद उलगडला की हप्ते निघतात चारच. दुसऱ्या गावातल्या पाहुण्यांना दोन वर्षांची मुदत मिळालेली असते आणि त्यांना तर एकच हप्ता भरायचा असतो, तोही सगळा एकदम. यात कोणी फसवलेले नसते. पीककर्जाच्या पुनर्गठनात मुदत मोजायची रीतच अशी आहे. ती आधी कळली नाही, तर पहिल्या हप्त्याच्या मार्चमध्ये धावपळ होते, आणि बहुतेकांचे गणित तिथेच चुकते.

हा लेख पहिल्यांदाच पुनर्गठनाला सामोरे जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी आहे. कर्ज विकास सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचे असो की थेट व्यापारी बँकेचे, मूळ चौकट सारखीच आहे. व्यापारी बँकांसाठी ती रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीच्या निर्देशांतून येते, आणि सहकारी बँका नाबार्डच्या त्याच वळणाच्या सूचनांप्रमाणे चालतात. प्रत्यक्ष काम मात्र ज्या वर्षी नुकसान झाले त्या वर्षीच्या शासन निर्णयावर आणि बँकेच्या परिपत्रकावर होते. म्हणून शाखेत गेल्यावर पहिली मागणी त्या दोन कागदांची करा.

स्थगिती, पुनर्गठन, माफी

हे तीन शब्द चावडीवर एकाच अर्थाने फिरतात. कागदावर त्यांची मुदत अगदी वेगवेगळी असते.

वसुलीला स्थगिती म्हणजे ठरावीक काळ, बहुधा एक वर्ष, बँकेने वसुलीसाठी मागे लागायचे नाही. कर्ज आहे तसेच राहते आणि व्याज चालू राहते. स्थगिती संपली की सगळी रक्कम एकदम देय असते.

पुनर्गठन म्हणजे अल्पमुदतीचे पीककर्ज बंद करून तेवढ्याच रकमेचे मध्यम मुदतीचे नवे कर्ज उभे करणे. सहकारात याला रूपांतरही म्हणतात. देय तारीख बदलते, हप्ते पडतात आणि खाते थकीत राहत नाही.

माफीत शासन तुमच्या वतीने पैसे भरते. ती केव्हा येईल आणि कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी धरेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

दुष्काळ जाहीर झाला की सवलतींच्या यादीत "पीककर्जाचे पुनर्गठन" आणि "शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती" या दोन ओळी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. जमीन महसुलातली सूट आणि कृषिपंपाच्या वीजबिलातली ३३.५ टक्के सवलतही त्याच यादीत असते. २०१८ साली १५१ तालुक्यांना आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांना ही यादी लागू झाली. २०२३ मध्ये पाठोपाठ आणखी १,०२१ महसूल मंडळांची भर पडली. अशा तालुक्यात किंवा मंडळात गाव आले की स्थगिती आपोआप मिळते. पुनर्गठन मात्र तुमची सही झाल्याशिवाय होत नाही. यादीत नाव वाचून घरी बसलेला माणूस वर्षभराने थकबाकीदार निघतो, तो याच घोळामुळे.

दोन वर्षे की पाच: हे कोण ठरवते?

मुदत तुमच्या अर्जावर ठरत नाही आणि कर्जाच्या रकमेवरही नाही. ती पिकाच्या नुकसानीवर ठरते.

नुकसान ३३ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर परतफेडीची मुदत जास्तीत जास्त २ वर्षे. नुकसान ५० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर जास्तीत जास्त ५ वर्षे. दोन्हींत पहिले एक वर्ष हप्ता न भरण्याचे असते आणि ते वर्ष मुदतीच्या आतच धरलेले असते. "अधिक एक वर्ष" असे ते कधीच नसते. २०१५ पर्यंत ५० टक्के नुकसान झाल्याशिवाय दारच उघडत नव्हते. ३३ टक्क्यांची पायरी तेव्हा आली.

"जास्तीत जास्त" हा शब्दही जपून वाचा. पाच वर्षे ही वरची मर्यादा आहे. नुकसान किती खोल आहे आणि आपत्ती लागोपाठ आली का, हे पाहून बँक तीन किंवा चार वर्षांचेही हप्ते पाडू शकते. कमी मुदत दिली असेल तर कारण लेखी मागा.

नुकसानीचा टक्का गावपातळीवर ठरतो. तुमच्या एकट्याच्या शेतावर तो ठरत नाही. दुष्काळात त्याचा आधार बहुधा पैसेवारी असतो, जिला जुनी माणसे अजून आणेवारी म्हणतात. ५० पैशांच्या आत पैसेवारी म्हणजे निम्म्याहून अधिक पीक गेले. खरिपाची पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरात अंतिम अशी तीनदा जाहीर होते. नजरअंदाज पैसेवारीत गाव ५४ वर असेल आणि अंतिममध्ये ४७ वर आले, तर तुमचा हक्क दोन वर्षांवरून पाच वर्षांवर जातो. ऑक्टोबरातच सही करून मोकळे झालेल्यांना हे कळतही नाही. घाई नसेल तर अंतिम आकडा येऊ द्या.

पैसेवारी ५० ते ६७ च्या मधल्या गावांची अवस्था सर्वांत अवघड. दुष्काळाच्या शासन निर्णयात अशी गावे सहसा येत नाहीत. पण ३३ टक्क्यांच्या नियमाने ती पुनर्गठनाच्या कक्षेत बसतात. तिथे निर्णय जिल्हास्तरीय बँक समितीच्या बैठकीत होतो. त्या बैठकीचे इतिवृत्त अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय करणाऱ्या बँकेच्या) जिल्हा कार्यालयात मिळते.

अतिवृष्टी, पूर आणि गारपीट यांत पंचनाम्याला वजन जास्त असते. पंचनाम्याच्या यादीत तुमचा गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर आहे ना, हे तलाठ्याकडे तपासून घ्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. क्षेत्र एक हेक्टरऐवजी दहा गुंठे पडले असेल, तर पुढे प्रत्येक टेबलावर तेच आडवे येते.

कोण बसतो, कोण नाही

आपत्ती आली त्या दिवशी कर्ज थकीत नसावे, ही खरी अट आहे. म्हणजे त्या हंगामाचे चालू पीककर्ज पुनर्गठित होते, आधीची जुनी थकबाकी होत नाही. तीन वर्षांपासून थकलेल्या खात्याला हे औषध नाही. त्याला एकरकमी परतफेड योजनेची चौकशी करावी लागते. ती मुळात वेगळीच वाट आहे. तिथे मुदत महिन्यांत मोजतात आणि व्याजात सूट मिळते.

ट्रॅक्टर, विहीर, ठिबक यांचे मुदत कर्ज चालू असेल, तर त्याचा नियम निराळा. नुसते पीक गेले असेल तर त्या वर्षीचा हप्ता आणि व्याज एक वर्ष पुढे सरकते, म्हणजे कर्जाची एकूण मुदत एका वर्षाने वाढते. विहीर खचली, गोठा वाहून गेला अशी मालमत्तेचीच हानी असेल, तर तुमची परतफेडीची ताकद बघून सगळे हप्ते नव्याने बसवतात. पीककर्जासाठी केलेल्या अर्जात हे कर्ज आपोआप येत नाही. त्याचा अर्ज स्वतंत्र द्या.

कामाच्या पायऱ्या

१. कर्ज खात्याचा उतारा काढा. मुद्दल, आजपर्यंतचे व्याज, उचल तारीख आणि देय तारीख या चार गोष्टी लाल पेनने अधोरेखित करा. खरिपाच्या कर्जाची देय तारीख बहुतेक ठिकाणी ३१ मार्च असते. तुमची तीच आहे असे गृहीत धरू नका.

२. अर्ज द्या. सोसायटीचे सभासद असाल तर सचिवाकडे, नाही तर शाखेत. सोबत चालू सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची प्रत, शेतकरी ओळख क्रमांक आणि पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. या पोचेला पुढे सोन्याची किंमत येते, कारण सगळे वाद "अर्ज कधी दिला" यावरच रंगतात.

३. कॅलेंडरवर तीन महिने मोजा. आपत्तीच्या तारखेपासून तीन महिन्यांत पुनर्गठन पूर्ण झाले, तरच बँकेला ते खाते आपत्तीच्या दिवशी जसे होते तसे, म्हणजे नियमित, दाखवता येते. उशीर झाला तर बँकेचाच हात आखडतो. फारच मोठी आपत्ती असेल तर बँकर समिती रिझर्व्ह बँकेकडून मुदत वाढवून घेऊ शकते. तरी तुमचा अर्ज पहिल्या महिन्यात गेलेला बरा.

४. संमतीपत्र आणि नवा करारनामा वाचा. त्यात चार आकडे हवेतच: पुनर्गठित रक्कम, व्याजदर, पहिल्या हप्त्याची तारीख, शेवटच्या हप्त्याची तारीख. कोऱ्या करारनाम्यावर सही मागण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तिथे नम्रपणे थांबा आणि आकडे भरून झाल्यावर सही करा.

५. हप्त्यांचा तक्ता शिक्क्यासह घ्या. "पासबुकात येईल" हे उत्तर पुरेसे नाही.

६. जादा तारण मागितले तर देऊ नका. आपत्तीतल्या पुनर्गठनासाठी बँकेने नव्या तारणाचा आग्रह धरायचा नाही, असा स्पष्ट निर्देश आहे. दंडव्याजही लावायचे नाही.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ही सही म्हणजे कर्ज मान्य असल्याची लेखी कबुलीही असते. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत या सहीपासून पुन्हा मोजायला सुरुवात होते. चालू कर्जाला याने काही बिघडत नाही. पण रकमेबद्दल मुळातच वाद असेल, समजा भरलेला हप्ता जमाच झालेला नाही, तर तो आधी मिटवा आणि मग सही करा.

मुदत मोजायची कुठून?

समजा खरीप २०२३ चे कर्ज आहे, देय तारीख ३१ मार्च २०२४ आणि पुनर्गठनाचा अंमल १ एप्रिल २०२४ पासून. पाच वर्षे संपतात ३१ मार्च २०२९ ला. पहिले वर्ष, ३१ मार्च २०२५ पर्यंत, हप्ता नाही. हप्ते येतात मार्च २०२६, २०२७, २०२८ आणि २०२९ मध्ये. चार हप्त्यांचे कोडे इथे सुटते.

काही शाखा अंमलाची तारीख ठरावाच्या दिवसाची धरतात, काही सहीच्या दिवसाची. नोव्हेंबरात सही झाली आणि तीच तारीख धरली, तर हप्ता नोव्हेंबरात येतो. सोयाबीन किंवा कापूस विकून पैसे हातात आलेले असतील तर ते सोयीचेच. पण तूर, हरभरा किंवा ऊस घेणाऱ्याला नोव्हेंबरचा हप्ता म्हणजे उसनवारी. तक्ता बनण्याआधीच सांगितले तर हप्त्याचा महिना पीक हाती येण्याच्या वेळेला जुळवून घेता येतो. सही झाल्यावर तो बदलणे कर्मकठीण.

आकडा मांडून पाहू

मुद्दल १,२०,००० रुपये. वर्षाचे ७ टक्क्यांनी व्याज ८,४००. पुनर्गठनात दोन्ही मिळून १,२८,४०० हे नवे मुद्दल होते. जुने व्याज इथे मुद्दलात मिसळते, आणि पुढची सगळी वर्षे त्यावरही व्याज बसते. शक्य असेल तर तेवढे ८,४०० आधी भरून टाका आणि फक्त मुद्दलाचे पुनर्गठन मागा.

पहिल्या वर्षी ७ टक्के आणि दुसऱ्या वर्षापासून १० टक्के दर धरू. हा १० चा आकडा फक्त हिशेबापुरता आहे, तुमच्या बँकेचा खरा दर करारनाम्यात असेल. पुनर्गठनातल्या हप्ता नसलेल्या पहिल्या वर्षाचे, म्हणजे स्थगितीच्या वर्षाचे, व्याज चक्रवाढ न करता पहिल्या हप्त्यात घेतले आहे असे समजा.

पाच वर्षांच्या तक्त्यात मुद्दलाचे चार समान भाग प्रत्येकी ३२,१०० चे. पहिल्या हप्त्याला त्यात स्थगितीच्या वर्षाचे व्याज ८,९८८ आणि दुसऱ्या वर्षाचे १२,८४० मिळतात, म्हणजे एकूण ५३,९२८. पुढचे हप्ते ४१,७३०, ३८,५२० आणि ३५,३१०. सगळे मिळून १,६९,४८८. म्हणजे सोयीची किंमत व्याजात ४१,०८८ रुपये.

आता तेच कर्ज दोन वर्षांच्या मुदतीत. पहिले वर्ष काही नाही, आणि दुसऱ्या वर्षाअखेर १,२८,४०० अधिक ८,९८८ अधिक १२,८४०, म्हणजे १,५०,२२८ एका दमात. दोन वर्षांचे पुनर्गठन हे नावाला हप्त्यांचे आहे, व्यवहारात ती एका वर्षाची उसंत आहे. एक हंगाम चांगला पिकला तरी एवढी रक्कम उभी राहील का, हे सही करण्याआधी कागदावर मांडून बघा. उत्तर "नाही" असेल, तर अंतिम पैसेवारीची वाट पाहण्यात किंवा मुदतीबद्दल लेखी हरकत घेण्यात शहाणपणा आहे.

वरच्या तक्त्यात पहिला हप्ताच सर्वांत जड आहे, हेही लक्षात घ्या. एका वर्षाच्या आरामानंतर नेमका तोच अंगावर येतो. स्थगितीच्या वर्षात ऊसबिल, दूध, भाजी असे काही येत असेल, तर त्या वर्षाचे व्याज भरत राहा. पहिला हप्ता ५३,९२८ वरून ४४,९४० वर येतो.

व्याजाची सवलत किती काळ टिकते?

तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शेतकऱ्याला ७ टक्क्यांनी मिळते. वेळेत फेडले तर केंद्राची ३ टक्के सूट मिळून ते ४ टक्क्यांवर येते. वर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, त्यामुळे वेळेत फेडणाऱ्याला महाराष्ट्रात व्याज शून्यावर येते. पुनर्गठित कर्जाचे तसे नाही. साध्या आपत्तीत केंद्राचे व्याज अनुदान पुनर्गठित रकमेवर फक्त पहिल्या वर्षी मिळते. दुसऱ्या वर्षापासून बँकेचा नेहमीचा दर लागतो. केंद्राने आपत्ती "तीव्र" ठरवली तरच सवलत पुढच्या वर्षांतही चालते, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत, आणि हप्ते वेळेत भरले तर ३ टक्क्यांची प्रोत्साहन सूटही मिळते. काही वर्षी राज्य शासन पुनर्गठित कर्जाच्या व्याजाचा वाटा स्वतः उचलते. ते त्या वर्षीच्या शासन निर्णयात असेल तरच.

म्हणून रोखठोक सांगायचे तर, फेडता येत असेल तर फेडा. सव्वा लाखाचे कर्ज शून्य व्याजाने संपवण्याची संधी सोडून ४१ हजार व्याजाची वाट फक्त "सगळे गाव करतंय" म्हणून धरू नये. ज्याच्या घरात खरोखरच काही आले नाही, त्याच्यासाठी मात्र सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ही वाट कितीतरी पटींनी बरी.

मुदत मध्येच मोडते तेव्हा

एक हप्ता चुकला की पुनर्गठन रद्द होते, असा समज आहे. लगेच तसे होत नाही. चुकलेला हप्ता थकीत दिसू लागतो, बाकीचे हप्ते आपापल्या तारखेला उभे राहतात. दोन पीक हंगाम हप्ता किंवा व्याज भरले गेले नाही की खाते अनुत्पादित (एनपीए) वर्गात जाते. एक वर्षाहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या पिकांना ही मुदत एकाच हंगामाची. त्यानंतर बँक सगळी शिल्लक एकदम मागू शकते. सोसायटीच्या कर्जाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम १०१ लागते. निबंधकाकडून वसुली दाखला निघतो आणि मग जप्तीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहायचे असेल, तर थकबाकीदार संचालक मंडळासाठी अपात्र ठरतो, हेही गावात महत्त्वाचे.

चुकण्याची खरी कारणे बहुधा साधीच असतात. ऊसबिलातून सोसायटीची कपात होते आणि साखर कारखान्याकडे गेलेल्या यादीत जुनीच पूर्ण रक्कम असते. मग एकाच बिलातून १,२८,००० कापले जातात, पुनर्गठन कागदावरच राहते आणि घरखर्चाला काही उरत नाही. पुनर्गठन झाले की सोसायटीने सुधारित यादी कारखान्याला पाठवली का, याची गळीत हंगामाआधी खात्री करा. दुसरे कारण, मदतीच्या पैशांवर बँकेने लावलेला होल्ड. आपत्तीच्या मदतीतून कर्जवसुली करू नये, हे मदतीच्या शासन निर्णयात लिहिलेले असते. त्याची प्रत घेऊन शाखेत जा. पीकविम्याची रक्कम मात्र वेगळी, ती पुनर्गठित खात्यात वळती होऊ शकते. तशी झाली तर तक्ता नव्याने मागा, नाही तर पैसे भरूनही जुनाच हप्ता मागितला जातो. विम्याचे पैसे येईपर्यंत बँकेने पुनर्गठन अडवून धरायचे नसते, हेही माहीत असू द्या.

मुदत लांबते तेव्हा

पुनर्गठनाच्या दुसऱ्या वर्षी पुन्हा दुष्काळ पडला तर? मराठवाड्यात हे नवे नाही. अशा वेळी पुन्हा पुनर्गठन होऊ शकते. नैसर्गिक आपत्तीमुळे करावे लागलेले फेरपुनर्गठन बँकेच्या नोंदीत एरवीसारखे "दुसऱ्यांदा केलेले" म्हणून धरत नाहीत आणि खात्याचा वर्ग आहे तोच राहतो. पण घड्याळ पुन्हा शून्यावर येते. नव्या मुदतीत पुन्हा एक वर्ष स्थगिती, पुन्हा साठलेले व्याज. दोनदा पुनर्गठन झालेले कर्ज सात-आठ वर्षे चालते आणि मूळ मुद्दलापेक्षा बरेच फुगते. दुसऱ्यांदा सही करताना आधीचे किती हप्ते जमा झाले, ते वजा करूनच नवा आकडा काढलाय ना, हे ताडून पाहा. तो वजा न करणे ही नेहमीची चूक आहे.

आणि लवकर संपवायचे असेल तर

चांगला भाव मिळाला आणि दोन हप्ते एकदम भरायचे ठरवले, तर काउंटरवर नुसते पैसे भरून येऊ नका. एक ओळीचे पत्र द्या: जादा रक्कम मुद्दलात जमा करावी आणि मुदत कमी करावी. पत्र नसेल तर ती रक्कम पुढच्या हप्त्याची आगाऊ म्हणून पडून राहू शकते आणि व्याजात फारसा फरक दिसत नाही.

नव्या पीककर्जाचा प्रश्न

पुनर्गठनाचा मोठा फायदा हाच की नव्या हंगामाचे कर्ज अडत नाही. पिकासाठी ठरलेल्या हेक्टरी कर्जाच्या रकमेनुसार आणि क्षेत्रानुसार नवे कर्ज मिळायला हवे. त्यामुळे पुनर्गठनाच्या काळात एका माणसाची दोन खाती चालतात: एक हप्त्याचे, एक चालू पिकाचे. नवे कर्ज वेळेत फेडले तर त्यावर व्याजसवलत पूर्ववत मिळते. पैसे भरताना चलनावर खाते क्रमांक स्पष्ट लिहा. दोन्ही खात्यांची देय तारीख ३१ मार्च असली, की रक्कम भलत्या खात्यात जाऊन एक खाते थकीत राहण्याचे प्रकार होतात.

माफीची वाट बघत हप्ता थांबवणाऱ्यांसाठी एक संदर्भ. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ दरम्यान उचललेले आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेले २ लाखांपर्यंतचे कर्ज धरले होते, आणि त्यात पुनर्गठित कर्जही होते. नियमित फेडणाऱ्यांना पुढे २०२२ मध्ये ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळाले. या तारखा आधी कोणालाच माहीत नव्हत्या. अंदाजावर हप्ता थांबवला की व्याज मात्र ठरल्याप्रमाणे चढत राहते.

शेवटचा हप्ता भरल्यावर

हप्ता भरला तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपण होऊन उतरत नाही. सोसायटीच्या कर्जाला त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ खालचा इकरार (जमिनीवर कर्जाचा बोजा मान्य करणारे घोषणापत्र) असतो आणि तो इतर हक्कांच्या रकान्यात दिसतो. आधी बेबाकी (काही देणे उरले नसल्याचा) दाखला घ्या, त्यावर पुनर्गठित खाते आणि मूळ पीककर्ज खाते दोन्हींचे क्रमांक हवेत. मग बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्कवर (ऑनलाइन) किंवा तलाठी कार्यालयात द्या. फेरफार धरला जातो, नोटिशीची मुदत जाते, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. यासाठी महिनाभर हाताशी ठेवा. चालू पीककर्ज शिल्लक असेल तर त्याचा बोजा राहणारच. फक्त संपलेल्या कर्जाची नोंद गेली का, ते बघायचे.

वर्षातून एकदा पतअहवाल मोफत मिळतो, तो काढा. आपत्तीमुळे झालेल्या पुनर्गठनाची नोंद "नैसर्गिक आपत्तीमुळे" अशी वेगळी असते. तिथे नुसतेच "पुनर्गठित" लिहिले असेल तर पुढे घरकर्जाच्या किंवा ट्रॅक्टरच्या वेळी प्रश्न विचारले जातात. शाखेला लेखी कळवून ती नोंद दुरुस्त करून घ्या.

कुठे अडले तर व्यापारी बँकेबाबत आधी शाखेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. सोसायटीबाबत तालुक्याचे सहायक निबंधक, त्यांच्या वर जिल्हा उपनिबंधक. दोन्हीकडे जाताना अर्जाची ती पोच आणि शिक्क्याचा हप्ता-तक्ता बरोबर ठेवा.